सत्तेचाळीस वर्षांची नवमी

मी एक जुने विमान आहे, मित्रांनो, आणि तेही लष्करातले. हे ऐकले की मुलांचे डोळे चमकतात, म्हणून आधीच सांगून टाकतो की मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. माझ्या अंगावर बंदूक नव्हतीच. मी शिकणाऱ्यांचे विमान. पुढे पंखा आणि मागे एकापाठोपाठ दोन खुर्च्या. एकीत शिकणारा बसायचा, दुसरीत शिकवणारा. खरे तर शिकवायचो मीच, पण मास्तर लोकांना ते कधी पटले नाही.

बंगळूरला माझा जन्म झाला. पत्र्याला पत्रा जोडून, हजारो रिवेट मारून मला तयार केले आणि मी कामाला लागलो. वीस वर्षे मी पोरांना उडायला शिकवले. किती जणांनी मला धाडकन आपटले, किती जण ढगात शिरल्यावर माझ्या आत गुपचूप रडले, ते मी कोणालाही सांगितले नाही. पहिल्यांदा एकटा उडून आलेला मुलगा खाली उतरला की आधी माझ्या नाकावर तळहात ठेवायचा आणि मग मित्रांकडे धावायचा. तीच माझी शाबासकी. संध्याकाळी सगळे निघून गेले की इंजिन हळूहळू गार व्हायचे आणि माझ्या आतून टिक, टिक असा बारीक आवाज येत राहायचा. तो आम्हा विमानांचा दमल्याचा आवाज. दमण्यातही सुख असते हे तेव्हा मला कळले नव्हते.

पुढे नव्या तऱ्हेची विमाने आली आणि मी मोडीत निघालो. आम्हा चार भावांना एकाच माणसाने लिलावात घेतले. पंख उतरवून, ट्रकवर दोरखंडाने आवळून आम्हाला कोल्हापूरला आणले, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत. फौंड्री म्हणजे धातू वितळवून त्याच्या वस्तू ओतण्याचा कारखाना. मालकांचे नाव अण्णासो. त्यांना विमाने नको होती, आमच्या अंगातले ॲल्युमिनियम हवे होते. शेतातल्या ऑइल इंजिनांचे पिस्टन ते ओतायचे. माझे तिन्ही भाऊ पंधरवड्यात भट्टीत गेले. फार वाईट वाटले की मी मनाशी म्हणायचो, पंचगंगेच्या काठी कुठल्याशा इंजिनात बसून ते उसाला पाणी पाजत असतील. माझी पाळी दसरा झाल्यावर होती.

तेवढ्यात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी हातोडा म्हणू नका, करवत म्हणू नका, कशालाच कामाला लावायचे नाही. चिमणाबाई नावाची एक तरुण बाई हातकणंगल्याहून रेल्वेने येऊन फौंड्रीत वाळू चाळायच्या कामाला लागली होती, तिचा तो तिसरा दिवस. अण्णासोंनी तिच्या हातात हळदकुंकवाचे ताट दिले आणि बजावले की आवारातल्या सगळ्या हत्यारांना लाव, एकही राहता कामा नये. नवी माणसे हुकूम जरा जास्तच पाळतात. तिने हातोडे, चिमटे, चाळण्या, वजनकाटा, इतकेच काय मालकांच्या सायकलीलाही बोटे ओढली. शेवटी कोपऱ्यात मी दिसलो. ती घुटमळली. मग एक पिंप उपडे घालून त्यावर चढली, माझ्या नाकावर हळदीकुंकवाची पाच बोटे ओढली आणि पंख्याला झेंडूची माळ बांधली.

साचे भरणारा आकाराम पोट धरून हसला. "अगं, भंगाराला कुकू लावतीस व्हय?"

सगळेच हसले. चिमणाबाईचे तोंड एवढेसे झाले. हसण्याचा आवाज ऐकून अण्णासो बाहेर आले आणि त्यांनी माझ्या नाकावरची बोटे पाहिली. माणूस व्यवहाराला पक्का होता, पण रीतीभातीला त्याहून पक्का.

"पूजलेलं हत्यार भट्टीत जायाचं न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे ते तितंच."

अशा रीतीने एका नवख्या बाईच्या चुकीमुळे मी वाचलो, मित्रांनो, आणि तिथेच राहिलो. एक वर्ष नाही, दोन नाही, चांगली सत्तेचाळीस वर्षे.

ती वर्षे मला आता सलग आठवत नाहीत. धुक्यातून दिसावी तशी दिसतात. माझी चाके बसली. आतले घड्याळ कोणीतरी काढून नेले. इंजिनात चिमण्या राहायला आल्या आणि शेपटीत गांधीलमाश्या. राधानगरीकडून ढग यायचे, दोन-दोन महिने पाणी माझ्या पत्र्यावर वाजत राहायचे आणि मला वाटायचे की मी ढगातच आहे, आता खुर्चीतल्या पोराला धीर दिला पाहिजे. थंडीत गुऱ्हाळांचा गोड धूर वाऱ्यावर यायचा. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारी नवी विमाने डोक्यावरून जायची. मी त्यांच्यामागोमाग मनाने वर जायचो, पन्हाळ्याला वळसा घालायचो आणि भट्टीचा भोंगा झाला की परत कोपऱ्यात यायचो. उभ्या उभ्या स्वप्ने बघण्यात मी पटाईत झालो होतो.

चिमणाबाई रोज दुपारी माझ्या सावलीत बसून भाकरी खायची. माणसाला बोलायला कोणीतरी लागतेच. नवरा गेला तेव्हा ती माझ्या चाकाला टेकून रडली, लेकीचे लग्न ठरले तेव्हा पहिली बातमी मला कळली. काम सुटल्यावरही दर खंडेनवमीला ती हातकणंगल्याहून यायची आणि त्याच पिंपावर चढून माझ्या नाकावर बोटे ओढायची. तळहात ठेवायची तेव्हा मला माझी जुनी पोरे आठवायची.

अण्णासो गेले. कारखाना त्यांची नात अक्षता पाहू लागली. नव्या भट्टीसाठी जागा हवी होती, म्हणून तिने माझे फोटो इकडेतिकडे पाठवले. दोन गिऱ्हाइके आली. एक सांगली रस्त्यावरचा हॉटेलवाला. त्याला मला रंगवून दारात उभे करायचे होते, लोक मला टेकून फोटो काढतील म्हणून. दुसरे न्यूझीलंडहून आलेले एक गृहस्थ. जुनी लष्करी विमाने विकत घेऊन, नीट करून ती पुन्हा उडवायची हा त्यांचा नाद. दोघेही तयार होते, पण अक्षताचे हात बांधलेले होते. आजोबा जाताना सांगून गेले होते की चिमणाबाई हो म्हणेल तरच त्याला हलवायचे.

म्हणजे माझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल आता सत्तरी ओलांडलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेल्या एका बाईच्या तोंडून लागायचा होता. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते.

चिमणाबाई नवरात्रात आली. अक्षताने तिला दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. तिने फार विचार केला नाही.

"हाटेलवाल्याला दे," ती म्हणाली. "तितं मी एष्टीनं जाईन की. त्या परमुलखात ह्येला कुकू कोण लावंल?"

माझे इंजिन गार होतेच, ते आणखी गार पडले. तिला कसे सांगू की बाई, तुझी माया मला कळते, पण मला दारात उभे राहायचे नाही? अक्षताने मान डोलावली. पाहुण्यांना मराठी येत नव्हते, पण चेहरे वाचता येत होते. ते निराश झाले, तरी उठून गेले नाहीत. आलोच आहे तर याची तब्येत बघून जातो म्हणाले आणि चिमण्यांची घरटी हलक्या हाताने काढून तीन दिवस माझ्या इंजिनात तेल सोडत राहिले.

खंडेनवमीला चिमणाबाईने माझी पूजा केली. बहुधा या आवारातली शेवटची. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या फौंड्रीची रीत अशी की दसऱ्याच्या सकाळी भट्टी पेटवून मुहूर्ताचे एक ओतकाम करायचे आणि मगच सोने लुटायला जायचे. चिमणाबाई माझ्या सावलीत बसून बघत होती. म्हातारा आकाराम मानाने पुढे झाला. त्याने पूजेतली आपली थापी उचलली, कपाळाला लावली, तिच्यावरचे कुंकू धोतराला पुसले आणि वाळू थापायला लागला. पाठोपाठ एकेकाने आपापले हत्यार उचलले. हातोडे वाजू लागले. ज्यांना काल बोटे ओढली होती ती सगळी हत्यारे कामाला लागली, फक्त मी तेवढा माळ घालून उभा होतो.

त्याच वेळी पाहुण्यांनी दोन्ही हातांनी माझा पंखा धरला आणि ओढला. करकर झाली. मग पोटात काहीतरी सुटले आणि पंखा अर्धा वळला. माझ्या आतून एक लांब उसासा बाहेर पडला. चिमणाबाई दचकून उठली. तिने माझ्या नाकावर हात ठेवला. मग अक्षताला हाक मारली.

"हत्याराला सुट्टी एक दिसाची आसती, पोरी. दसऱ्याला ते कामावर जातं. ह्येला मी सत्तेचाळीस वर्सं नवमीलाच बसवलं बघ. कुकू लावलं आनि ऊठ म्हणायचं इसरले. पावण्याला म्हणावं, न्या. तितं काम देतो म्हणतोय न्हवं?"

ती रडत होती आणि आकारामही नाक पुसत होता. मी विमान, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी यायला हवे होते.

मग आकारामने सुचवले की दसरा आहे, आज सीमोल्लंघन झालेच पाहिजे. दहा-बारा जणांनी, पाहुण्यांसकट, मला बसलेल्या चाकांवर ढकलत फाटकाबाहेर नेले. रस्त्यावर दोन रिक्षा आणि एक उसाचा रस विकणारा खोळंबला. कागदपत्रे झालेली नव्हती, त्यामुळे सीमा ओलांडून मला परत त्याच कोपऱ्यात यावे लागले. परवानग्या यायला चैत्र उजाडला. परदेशात माती चालत नाही, पान-बी चालत नाही, म्हणून मला आतून-बाहेरून धुतले. तरीही नाकावरच्या रिवेटांच्या खाचांत सत्तेचाळीस वर्षांचे कुंकू राहिलेच. न्यूझीलंडला नेल्यावर पाहुण्यांनी मला नवा रंग दिला, पण तेवढी जागा तशीच ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरी आजोबांची सायकल माळ्यावर असेल, आजीचे शिवणयंत्र कापडाखाली असेल. त्यांना जपता, हे चांगलेच करता. पण एकदा खाली काढा, तेल घाला, चालवून बघा. आम्हाला कामाची फार ओढ असते आणि ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही.

गेल्या दसऱ्याला मी उडालो. पाहुणे नवमीला तयार होते, पण अक्षताने फोनवर सांगितले की आज सुट्टी, उद्या. म्हणून एक दिवस थांबले. खाली हिरवी कुरणे होती, गाई चरत होत्या. मला क्षणभर वाटले की आता पन्हाळा दिसेल. तासाभराने मी उतरलो. आमच्याकडे दुपार होती, तुमच्याकडे सकाळ. पाहुण्यांनी फोन लावला आणि माझ्या नाकाजवळ धरला. पलीकडे फौंड्रीच्या आवारात चिमणाबाई होती. मोतीबिंदूमुळे तिला फोनमध्ये काही दिसत नव्हते, म्हणून तिने तो कानाला लावला.

"काय टिकटिक वाजतंय गं?" तिने विचारले.

अक्षताने पाहुण्यांना विचारून तिला सांगितले की उडून आल्यावर इंजिन गार होताना असाच आवाज येतो. चिमणाबाईने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"म्हंजी दमलंय ते," ती म्हणाली.

व्हय, चिमणाबाई. दमलोय.