फ्रुतिया

"फ्रेसास! डॅडी, लुक, फ्रेसास!"

चारुदत्तने रस्त्याकडेच्या टपरीपाशी गाडी उभी केली होती. जून लागला की आयर्लंडमधल्या या कॉर्क शहराभोवती अशा टपऱ्या जागोजागी दिसतात. नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी, बस, एवढाच माल. मास्क लावलेल्या पोरीने खिडकीतून खोकं आत दिलं आणि मागच्या सीटवरून चार वर्षांच्या श्रावणीने हा पुकारा केला.

"काय म्हणालीस, बाळा?"

"फ्रेसास."

"आपण फ्रुतिया म्हणतो ना?"

"नुरिया सेज फ्रेसास," श्रावणी म्हणाली आणि खिडकीबाहेरच्या गाईंकडे बघत बसली.

नुरिया ही श्रावणीच्या क्रेशमधली, म्हणजे पाळणाघरातली ताई, मूळची स्पेनची. हा उद्योग चारुदत्तने स्वतःच्या हाताने करून ठेवला होता, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं.

श्रावणीची आई, हिमेना, चिलीची. औषधांच्या कारखान्यात दोघं एकाच लॅबमध्ये होते, तिथेच जमलं. आपसात इंग्रजी. लेकीशी हा मराठीत बोलणार, ती स्पॅनिशमध्ये, आणि लेक दोघांनाही कॉर्कच्या ठसक्यात इंग्रजीत उत्तर देणार. चारुदत्तचं स्पॅनिश म्हणजे निव्वळ स्वयंपाकघर. ॲव्होकाडो म्हणजे पाल्ता, मका म्हणजे चोक्लो, राजमा म्हणजे पोरोतो, स्ट्रॉबेरी म्हणजे फ्रुतिया. 'मला वाईट वाटतंय' हे त्याला त्या भाषेत आजही सांगता आलं नसतं, पण भाजीबाजार अख्खा तोंडपाठ. चुकला की हिमेना लाकडी चमच्याने त्याच्या मनगटावर टपली मारायची. स्पेनमध्ये यांतल्या प्रत्येक जिनसाला वेगळं नाव आहे हे तिने हसत हसत सांगितलं होतं, आणि ती नावं आपल्या घरात चालणार नाहीत, असं वर बजावलंही होतं.

कोविडच्या जानेवारीतल्या लाटेत ती गेली. हॉस्पिटलात भेटायची सोय नव्हती. दफनाला दहाच माणसं चालत होती, तेवढीही जमली नाहीत. तिच्या आईने चिलीतल्या तालकाहून फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं.

पोरीची आई गेली, आता आईची भाषा तरी जाऊ द्यायची नाही, असं चारुदत्तने मनाशी पक्कं केलं. मार्चमध्ये क्रेश पुन्हा उघडलं तशी त्याने नुरियाला गळ घातली, हिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत जा. ती बिचारी मनापासून बोलली. पोर खुलली, गाऊ लागली. आणि हळूहळू पाल्ताचं आग्वाकाते झालं, चोक्लोचं माईस. चारुदत्तने कानाडोळा केला. पण फ्रुतियाने त्याच्या जिवाला घोर लावला.

शब्द कसे जातात हे त्याला ठाऊक होतं. तो वर्ध्याचा. त्याच्या घरी कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पुण्यात शिकायला आल्यावर त्याने मंडईत सांभार मागितला, भाजीवाली जरा हसली, आणि आठवड्याभरात तो कोथिंबीर म्हणू लागला. कुणी रागावलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. आता आईशी फोनवर बोलतानासुद्धा त्याच्या तोंडात कोथिंबीरच येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रेशच्या फाटकाशी थांबला. पालकांना आत सोडत नव्हते. नुरिया बाहेर आली.

"एक विनंती होती," तो म्हणाला. "तिची आई फ्रुतिया म्हणायची. तुम्हीही तसंच म्हणाल का? फक्त तिच्यापुरतं."

"म्हणेन की! अगदी म्हणेन." नुरियाचे डोळे मास्कवर मोठे झाले. मग ती घुटमळली. "पण तुम्हाला सांगायला हवं. पहिल्यांदा ती फ्रुतियाच म्हणाली होती. मी नुसतं म्हटलं, आमच्याकडे फ्रेसा म्हणतात. तर ती म्हणाली, मग माझी आई चुकीचं सांगायची." ती खाली बघत राहिली. "तसं नाही, हे मी लगेच सांगितलं तिला. पण तिने ऐकलं की नाही, कोण जाणे."

चारुदत्तने मान हलवली, आभार मानले आणि गाडीत येऊन बसला. शब्द जाईल याची त्याने मनाची तयारी केली होती. हिमेना पोरीच्या लेखी चुकीची ठरेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जी बाई स्वतःची बाजू मांडायला आता कधीच येणार नव्हती, तिच्यासाठी त्याला रडू कोसळलं.

संध्याकाळी लख्ख उजेड होता. त्याने खोक्यातल्या स्ट्रॉबेरी धुऊन टेबलावर ठेवल्या आणि श्रावणीला समोर बसवलं.

"मॅमी चुकली नव्हती हं. तिच्या गावात सगळे फ्रुतियाच म्हणतात. आजी, मामा, दुकानदार, शाळेतल्या बाई. सगळे."

"एव्हरीबडी?"

"सगळे."

"अँड हिअर?"

"इथे मी म्हणतो."

"जस्ट यू?"

"आणि तू, तुला आवडलं तर."

श्रावणीने स्ट्रॉबेरी उचलली, देठ खुडला, विचार केला. "ओके. सो मॅमी वॉजन्ट राँग."

"मुळीच नाही."

"से इट लाइक मॅमी."

"फ्रुतिया."

तिने डोळे मिटले. "नो. लाइक मॅमी."

त्याने पुन्हा म्हटलं, जीभ जरा पुढे घेऊन, शेवट ओढून. ती डोळे मिटूनच नकारार्थी मान हलवत राहिली. फोनमध्ये हिमेनाच्या आवाजातले निरोप होते, पण ते त्याच्यासाठी, म्हणून सगळे इंग्रजीत. दूध आण. उशीर होईल. त्यांत फ्रुतिया कुठून असणार?

"फ्रुतिया," तो म्हणाला. "फ्रुतीया."

श्रावणीने डोळे उघडले. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग क्रेशमधल्या बायका रडणाऱ्या पोराला थोपटतात तसं तिने आपल्या चिकट हाताने त्याचं मनगट थोपटलं.

"इट्स ग्रँड, डॅडी," कॉर्कमध्ये 'असू दे, चालेल' म्हणतात तसं ती म्हणाली. "आय कान्ट रिमेंबर इट आयदर."