गळा, छाती, बाही

गल्लीत मला नको-ताई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला काय कान नाहीत? मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, औषधवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. लोक काच बदलायला येतात आणि काच बसेपर्यंत विचारत बसतात. "ताई, हे ॲप फोटो बघायची परवानगी मागतंय, देऊ?" नको. "ताई, हे म्हणतंय, सगळे नंबर वाचू दे." नको! अहो, साधा टॉर्च लावणारं ॲप ते. त्याला तुमच्या सासूबाईंचा नंबर कशाला हवाय? हौसेनं घरात बोलणारा डबा आणून ठेवायचा आणि मग नवरा-बायकोनं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन भांडायचं, हा कुठला शहाणपणा? एक गृहस्थ दात घासायचा ब्रश फोनला जोडून द्या म्हणून आले होते. मी म्हटलं, काका, दात किडला की तो स्वतःच सांगतो, त्याला फोन लागत नाही.

आणि ते क्लाउडचं 'वर चढवून ठेवा' प्रकरण. वर म्हणजे कुठे? वर काय देव बसलाय? ते कुणाचं तरी कपाट आहे आणि किल्ली त्याच्याकडे आहे. तुमचं सामान, त्याचं कपाट. मी येईल त्याला सांगायचे, वर काही ठेवू नका. घरात एक छोटी ड्राइव्ह घ्या, दर महिन्याला त्यात सगळं उतरवा आणि पेटीत टाका. हे मी आजही सांगते आणि यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

आईचा फोन मीच लावून दिला होता, बाबांच्या आजारपणात. बाबा रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. बोटं जाड, टाइप करायला गेले की एका वेळी तीन अक्षरं दाबली जायची, म्हणून बोलूनच निरोप पाठवायचे. जेवणाच्या सुट्टीत एक, निघताना एक. आजारपणात नोकरी सुटली, तरी हॉस्पिटलच्या खाटेवरून चालूच. "अगं, ऐकतेस का, गॅस बंद केलास का बघ." "अगं, तो निळा शर्ट सैल झालाय, येताना मापाची टेप घेऊन ये." मागे पंख्याचा आवाज, मध्येच खोकला. या फोनवर आलेलेच दोनशेच्या वर असतील. ते गेल्यावर आई रोज दुपारी जेवण झालं की खिडकीशी बसून त्यातले पाच-सहा ऐकायची. रडायची नाही. उत्तरं द्यायची. "केलाय हो बंद," म्हणायची.

फोनला मी सगळी कुलुपं घातली होती. सहा आकडी नंबर, आणि दहा वेळा चुकला की फोन स्वतःला पुसून टाकणार. वर काहीही चढवायचं नाही. आईला बसवून समजावलं, वाढदिवस ठेवू नकोस, लग्नाची तारीख ठेवू नकोस, चोर आधी तेच बघतात. कागदावर लिहू नकोस. कुणाला सांगू नकोस, मला सुद्धा नाही. आई म्हणाली, "तुला पण नाही?" मी म्हटलं, "मला पण नाही." ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि हळूहळू सहा आकडे दाबले. मला काय कौतुक वाटलं तिचं!

दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. बाबांच्या तेराव्या दिवशी तो म्हणाला, "आईच्या फोनमधलं सगळं वर ठेवू या, नाहीतर एक कॉपी माझ्याकडे तरी दे." मी म्हटलं, "तुझा फोन म्हणजे नुसती धर्मशाळा, कोणीही यावं आणि जावं. मी करते ड्राइव्हवर." आणि बाबांचा फोन? तो मी त्याच आठवड्यात पुसला, एकदा नाही, तीनदा. गेलेल्या माणसाचा फोन उघडा ठेवायचा नाही, हा माझा नियम.

ड्राइव्हचं मात्र राहिलं. गिऱ्हाइकांच्या मागे लागून लागून करायला लावते, आणि घरचं काम रविवारवर. आई फोन तासभरही सोडायला तयार नसायची. "त्यात ते आहेत," म्हणायची. मी पण म्हणायचे, जाऊ दे, कुठे पळून जातोय फोन.

आई विसरायला लागली तेव्हा तरी शहाणी व्हायला हवं होतं मी. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग एकदा भाजीच्या दुकानातून घर सापडेना. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. आम्ही गोळ्या आणल्या, दाराला तिच्या हाताला लागणार नाही अशी कडी लावली. फोन तिच्या बोटानं उघडत होता, म्हणून नंबरचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. जन्मभर कॉलरी शिवून तिची बोटं गुळगुळीत झालीत, चार-चार वेळा टेकवावं लागायचं, पण उघडायचा.

सोमवारी बॅटरी संपून फोन बंद पडला. पुन्हा चालू केला की तो बोट घेत नाही, नंबरच मागतो. हे मी दिवसातून दहा लोकांना सांगते. आईला कोण सांगणार? मी दुकानात होते. ती एकटीच बसून आकडे दाबत राहिली. फोन म्हणे थांब, की ती थांबायची. म्हणे पुन्हा कर, की करायची. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा हातात फोन धरून बसली होती. पडद्यावर लिहिलं होतं: आणखी एकदा चुकल्यास सर्व माहिती पुसली जाईल.

मी चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"आई, कोणते आकडे दाबलेस?"

"सगळे दाबले गं. ते बोलतच नाहीत."

मी फोन काढून घेतला आणि कपाटात ठेवला. दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू कॉपी केली होतीस ना?" मी म्हटलं, या रविवारी करणार होते. त्याला काय ते कळलं. ओरडला असता तर परवडलं असतं. तो म्हणाला, "आता कंपनीला विचार." कंपनीला काय विचारायचं, मला माहीत नाही का? ते उघडू शकत असते तर मी तो फोन आईला घेऊनच दिला नसता. तरी विचारलं. त्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे हे."

आठवडाभर दुपार झाली की आई फोन मागायची. दुरुस्तीला दिलाय, असं मी सांगायचे. "अगं, दुकान तुझंच ना?" ती विचारायची. आजारातही तिला बरोबर प्रश्न सुचतात.

रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होतो. बाबांचा एक शर्ट आई अजून धुते, वाळवते, घडी करून ठेवते. कॉलरवरून हात फिरवत ती पुटपुटली, "गळा सोळा, छाती बेचाळीस, बाही पंचवीस."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. दोन, दोन आणि दोन. सहा आकडे!

"आई, फोनचा आकडा हाच होता का? बाबांचं माप?"

तिनं माझ्याकडे मी खुळी असल्यासारखं पाहिलं. "मग दुसरं काय असणार? ते चोराला कसं कळेल?"

मी तिला मिठीच मारली. कपाटातून फोन काढला, चार्जिंगला लावला, दादाला स्पीकरवर घेतलं. दादा रडायलाच लागला. म्हणाला, "दाब, दाब लवकर."

आणि तिथेच माझं डोकं चालायला लागलं. ते नेहमी चालतं, नको तेव्हा जास्तच.

बेचाळीस ही बाबांची धडधाकट असतानाची छाती. फोन लावला तेव्हा ते निम्मे उरले होते. आईनं सगळे शर्ट उसवून आत घेतले होते. मी धावत जाऊन टेप आणली आणि कॉटवर शर्ट पसरून मोजला. शिवण मारलेल्या जागी बरोबर अडतीस. गळा पंधरा. बाही तेवढी पंचवीसच.

"आई, नीट आठव. फोन घेतला तेव्हा बाबांची छाती अडतीस होती ना?"

"बेचाळीस," आई म्हणाली.

"ती आधीची गं. आजारपणात?"

"त्यांची छाती बेचाळीस आहे. मी शिवते, तू शिवतेस का?"

दादा म्हणाला, "आई म्हणते ते दाब."

मी म्हटलं, "दादा, विचार कर. बेचाळीस तिच्या जिभेवर आहे. नऊ वेळा दाबलं त्यात हे नसेल का दाबलं? आणि जुनं तिला आठवतं, नवं पुसलं जातं. डॉक्टरच म्हणाले. तिनं त्या दिवशी ताजं माप टाकलं असणार. मी इथे पाठ बघत बसले होते तिची."

"मग नकोच दाबू," दादा म्हणाला. "आत आहेत तोवर आहेत. राहू दे."

खरं तर तेच करायला हवं होतं. पण आई समोर बसली होती, हात पुढे करून, पानात वाढायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. तिला आज मी ओळखू येत होते. पुढच्या महिन्यात येईन की नाही कोण जाणे, आणि तेव्हा तो आवाज तरी तिला कुणाचा वाटणार? कुलूपबंद ठेवून काय करायचं होतं मी त्याचं? आणि माझी खात्री होती. मोजून, ताडून, विचार करून झालेली खात्री. आईच्या शब्दापेक्षा मला टेपचा भरवसा वाटला. एवढी वर्षं हेच तर शिकवत आले लोकांना, की कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

पंधरा. अडतीस. पंचवीस.

पडदा काळा झाला. मध्ये एक छोटं वर्तुळ फिरायला लागलं. मला माहीत होतं ते काय आहे, दुकानात रोज बघते. दादा विचारत होता, "काय झालं? उघडला का? अगं, बोल ना." मी स्पीकर बंद केला. वर्तुळ फार वेळ फिरलं. आई पडद्याकडे टक लावून बसली होती.

मग पडदा लख्ख पांढरा झाला, कोऱ्या नव्या फोनसारखा. त्यावर वेगवेगळ्या भाषांतून एकामागून एक शब्द यायला लागले आणि शेवटी आपल्या भाषेत आलं, स्वागत आहे.

आईनं टाळी वाजवली. "उघडला! बघ, मी सांगत नव्हते? बेचाळीस!"

तिनं माझ्या हातातून फोन घेतला, खुर्ची खिडकीशी ओढली, पदर नीट केला आणि फोन कानाला लावला.

"हं, बोला," ती म्हणाली. जरा थांबली. मग मान वळवून मला हळूच म्हणाली, "जरा पंखा बंद कर गं, त्यांचं ऐकू येत नाहीये."

मी उठून पंखा बंद केला.