तानाबाईच्या खुब्यातली वाटी

मी एक जुना सांधा आहे, मित्रांनो. सांधा म्हटलं की तुम्हाला नळाचा नाहीतर रुळाचा सांधा आठवेल. मी माणसाचा आहे. मांडी जिथं कमरेला जोडलेली असते त्या जागेला खुबा म्हणतात, आणि अशाच एका खुब्यात मी पंचवीस वर्षं चाकरी केली. धातूचा एक दांडा, त्याच्या डोक्यावर गोळा, आणि तो गोळा जिच्यात फिरतो ती प्लास्टिकची वाटी, एवढं सगळं मिळून मी. आता कोल्हापुरात डॉक्टर अवंतिका यांच्या टेबलावर एका काचेच्या बरणीत पडून असतो. आजीबरोबर दवाखान्यात आलेली मुलं बरणीला नाक लावून माझ्याकडं बघतात आणि "हे काय हो?" असं विचारतात. डॉक्टरांना गर्दीत सगळं सांगायला वेळ नसतो, म्हणून म्हटलं आपणच सांगावं.

इथल्या मुलांना वाटतं, मी शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत ओतलो गेलो असेन. तसं असतं तर मला अभिमानच वाटला असता, पण माझा जन्म झाला सातासमुद्रापलीकडं. तिथं माझा गोळा इतका घासला की त्यात बघून कुणीही भांग पाडावा. आमच्या घराण्याचा इतिहास मात्र पडझडीचाच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला, तो टिकला नाही. पुढं कुणी हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी चढवली. आता काच ती काच, माणसाच्या वजनानं तडकली. मग धातू आला. मग एका गुळगुळीत प्लास्टिकची वाटी आली, ती दोन-तीन वर्षांत साबणाच्या वडीसारखी झिजून गेली आणि ज्यांनी बसवली त्याच डॉक्टरांना ती माणसं पुन्हा उघडावी लागली. त्यानंतर चिवट प्लास्टिक सापडलं तेव्हा कुठं आमचा जम बसला. गुडघ्याकडची आमची भावंडं तर सुरुवातीला दाराच्या बिजागरीसारखी होती. गुडघा नुसती उघडझाप करत नाही, थोडा घसरतो, थोडा वळतो, हे उमजेपर्यंत कितीतरी गुडघे मोडून पडले. प्रत्येक सुधारणेच्या मागं कुणाचं तरी दुखणं आहे, हे मी दवाखान्याच्या कपाटात माझ्या पाळीची वाट बघत बसल्याबसल्याच शिकलो.

एकोणीसशे नव्याण्णव साली मी गडमुडशिंगीच्या तानाबाईच्या वाट्याला आलो. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. घरी तीन म्हशी, थोडी शेती, नवरा आकाराम आणि लहानगा मुलगा विजयसिंह. तिच्या खुब्यातला हाडाचा गोळा चुरत चालला होता आणि पाय टाकला की डोळ्यांपुढं काजवे चमकत. तिला खरी धास्ती होती ती वेगळीच. तिची आई बाळाबाई म्हातारपणी पडली, खुबा मोडला आणि तीन वर्षं खाटेवर राहून गेली. त्या काळी तिच्यासाठी कुणी काही करू शकलं नाही. आईची पाठ सोलून निघालेली तानाबाईनं पाहिली होती. ऑपरेशनच्या आधी ती डॉक्टरांना एकच वाक्य म्हणाली, "काय बी करा, पर मला खाटंवर मरायचं न्हाय. गोठ्यापातूर माझ्या पायानं जायला मिळालं म्हंजे झालं."

ते डॉक्टर मोठे प्रेमळ होते. ऑपरेशन झाल्यावर खाटेशी येऊन म्हणाले, "ताई, खुब्यातला गोळा आणि वाटी बदलली." आणि मित्रांनो, सगळा घोटाळा या एका वाक्यानं केला.

आपल्याकडं वाटी म्हणजे गुडघ्याची. गुडघ्यावरचं ते गोल हाड हाताला लागतं ना, तीच वाटी. खुब्यातही वाटी असते हे तानाबाईच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. त्यात गंमत अशी की तिचा सगळा ठणका गुडघ्यातच होता. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या नसा एकमेकींच्या नात्यातल्या असतात, त्यामुळं खुबा दुखला की कळ पुष्कळदा गुडघ्यात उठते. मी बसलो आणि गुडघ्याचा ठणका थांबला. तिनं सरळ हिशेब केला, गुडघा थांबला म्हणजे वाटी गुडघ्याचीच बदलली. आकारामनंही गावात हेच सांगितलं. शेजारची एक बाई बघायला आली आणि तिनं विचारलं, "मग टाकं वर खुब्याला कसं?"

"वरनं हात घातला आसंल," तानाबाई म्हणाली. "डाक्टर लोकांचं काय सांगता येतंय?"

हे ऐकून मला हसू आलं होतं. म्हटलं, बाई चालते आहे ना, मग माझं नाव खुबा ठेवो की गुडघा, मला काय करायचंय.

आणि खरंच, मित्रांनो, काय दिवस होते ते. डॉक्टरांनी उकिडवं बसायला आणि मांडी घालायला बंदी केली होती. धार काढायची तर उकिडवं बसूनच काढायची असते. आकारामनं बाभळीचं उंच स्टूल करून दिलं. थोरल्या म्हशीला ते मुळीच पसंत पडलं नाही, तिनं पहिल्या दिवशी लाथेनं स्टूल गोठ्याबाहेर टाकलं. आठवडाभर दोघींचं भांडण चाललं आणि शेवटी म्हैस नमली. सकाळ-संध्याकाळ मी तानाबाईला गोठ्यात नेलं, दुधाची किटली घेऊन डेअरीला नेलं, विजयसिंहाच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांत फिरवलं. बाया म्हणायच्या, "तानाबाईची वाटी लई भारी बसली." मी आत बसून फुगायचो. स्तुती कुणाला नको असते?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. दुखो वा न दुखो, वर्षातून एकदा येऊन एक्स-रेचा फोटो काढायचा. तानाबाई दोन वर्षं गेली, फोटो वर कमरेचा काढला तरी तिनं का म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी आकाराम म्हणाला, "दुखत न्हाय तर दावायचं काय?" आणि तो विषय तिथंच मिटला. पुढं ते डॉक्टर थकले, त्यांचा दवाखाना बंद झाला. ऑपरेशनची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत देवाच्या पोथीसारखी ठेवलेली होती. ती इंग्रजीत होती, त्यामुळं कुणी वाचली नाही.

आता माझं दुखणं सांगतो. माझा गोळा ज्या वाटीत फिरायचा ती वाटी दर पावलाला कणभर झिजत होती. वीस-बावीस वर्षांत पावलं किती झाली, तुम्हीच मोजा. तो भुगा आजूबाजूच्या हाडाला सोसत नाही, आणि हाड आपणहून विरघळायला लागतं. हे सगळं गुपचूप होतं, कळ येत नाही. फोटोत मात्र दिसतं. मला आतून सगळं कळत होतं. माझ्या दांड्याभोवतीची पकड सैल होत होती, आणि मी एका शब्दानंही सांगू शकत नव्हतो.

शेवटी मी हलू लागलो, तेव्हा कळ उठली. कुठं? गुडघ्यात.

तोवर आकाराम वारला होता. विजयसिंह गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीनं कामाला जायचा. सून अनुजा सासूला आत्ती म्हणायची आणि तिचं फार मनापासून करायची. "आत्ती, वाटी झिजली आसंल," ती म्हणाली आणि तेल कोमट करून गुडघा चोळायला बसली. मी वर खुब्यात कण्हत होतो आणि ती खाली प्रेमानं तेल जिरवत होती. मी जितका जोरानं धडका मारी तितकं जास्त तेल गुडघ्याला लागे. इचलकरंजीच्या कुणा माणसाचा लेप झाला, गरम विटेचा शेक झाला. माझ्याजवळ बोलायला कळ सोडून दुसरी भाषाच नव्हती, आणि ती कळही चुकीच्या घरी पोचत होती.

मग विजयसिंहानं तिला एका डॉक्टरकडं नेलं. बाहेर ही गर्दी. तानाबाईनं गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही वाटी बदलल्या, तीच दुखती." डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "मावशी, इथं काहीच बदललेलं नाही. तुमचाच गुडघा आहे. वयाची झीज आहे, गोळ्या देतो." टाके कुठं आहेत ते त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. एक वीतभर वर फोटो काढला असता तर मी दिसलो असतो, मित्रांनो. एक वीत.

घरी आल्यावर तानाबाई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "फसवलं मला. नुसतं कापलं आन् शिवलं. आत काय बी घातलं न्हाय."

"आई, मग एवढी वरसं चाललीस कशी?" विजयसिंहानं विचारलं.

"माझ्या पायानं चालली. त्यांचा काय संबंध?"

त्याच संध्याकाळी तिनं ट्रंकेतली फाईल काढली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. अनुजा धावली, पण उशीर झाला होता. ज्या माणसानं तिला पायावर उभं केलं त्याला तिनं शिव्या मोजल्या आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही अशी शपथ घेतली. तिचं म्हणणं मोडायची घरात कुणाची टाप नव्हती.

पुढची दोन वर्षं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. ती काठी टेकत गोठ्यात जायची, आणि दर पावलाला मी तिच्या हाडाला आतून उकरत होतो. मला तसं करायचं नव्हतं. स्थिर राहावं म्हणून मी फार धडपडलो, पण सैल झालेल्या खिळ्याच्या हातात काय असतं? आणि जिच्यासाठी धडपडायचं तिच्या लेखी मी नव्हतोच. सैल झाल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही जितकं या गोष्टीचं वाटलं.

एका सकाळी धार काढून उठताना तिचा पाय शेणात सरकला. पोखरलेलं हाड माझ्याभोवती मोडलं. त्याचा आवाज मी आतून ऐकला.

तिला उचलून कोल्हापूरला आणलं. तिथं डॉक्टर अवंतिकांनी कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळा फोटो काढला. मग खाटेशी येऊन विचारलं, "मावशी, खुब्याचं ऑपरेशन कधी झालं होतं?"

"खुब्याचं न्हाय, गुडघ्याच्या वाटीचं. आन् त्ये बी झालंच न्हाय. फसवलं हुतं मला."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं वळवला. काळ्या-करड्या हाडांत मी पांढराफटक दिसत होतो. "मग हे काय आहे? हा गोळा. आणि ही त्याची वाटी. वाटी खुब्यालाही असते, मावशी."

तानाबाईनं मान उचलून पडद्याकडं पाहिलं. अनुजानं पदर तोंडाला लावला. बाहेर डॉक्टर विजयसिंहाला म्हणाल्या, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर सांधा बदलून आठवड्यात चालत घरी गेल्या असत्या. आता धरायला हाडच उरलेलं नाही. मी माझ्याकडून सगळं करीन, पण चालतील की नाही, सांगता येणार नाही."

मला बाहेर काढलं. माझ्या जागी लांब दांड्याचा नवा सांधा बसला. त्याचा गोळा चिनी मातीच्या जातीचा आणि वाटी माझ्यापेक्षा कितीतरी चिवट. तो मला म्हणाला नाही काही, पण त्यालाही भीती वाटत असावी. त्याला तारेनं बांधून आणि दुसऱ्याचं दान केलेलं हाड भरून कसंबसं उभं केलं होतं. तीन महिने पाय जमिनीला लावायचा नव्हता.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला धुऊन तानाबाईच्या हातात दिलं. पंचवीस वर्षं मी तिच्या आत होतो, पण तिच्या तळहातावर पहिल्यांदाच आलो. तिनं माझा गोळा अंगठ्यानं पुसला.

"तू हुतास व्हय रं आत?" ती म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "त्या डाक्टरांचं घर कुठं हाय? मला जायाचंय. पाया पडायचंय त्यांच्या."

"ते गेले, मावशी. चार वर्षं झाली."

तिनं मान भिंतीकडं वळवली. मला बरणीत ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती तशीच भिंतीकडं बघत म्हणाली, "ठिवा. दावा सगळ्यास्नी, वाटी कुठली त्ये."

तीन महिन्यांनी तिला तपासणीला आणलं, ते स्ट्रेचरवरून. चालायच्या चौकटीला धरवून दोघांनी तिला उभं केलं. तिनं पाऊल टेकवलं, दुसरं टेकवलं आणि थांबली, चेहरा घामानं भिजून गेला. म्हशी विकल्याचं अनुजानं तिला अजून सांगितलं नव्हतं. "कुठं दुखतंय, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं. तिचा हात सवयीनं गुडघ्याकडं गेला. मधेच थबकला, वर सरकला आणि खुब्यावर येऊन थांबला. मग ती म्हणाली, "हितं." आणि तिला पुन्हा आडवं केलं. मी बरणीत होतो, मला काय करता येणार?

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी अंगात आमच्यापैकी एखादा असेल. आम्हाला तोंड नाही. तेव्हा कुठला सांधा, कुठल्या पायाचा, कुठल्या साली बसवला, हे एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि दुखत नसलं तरी त्या माणसाला वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवून आणा. आज घरी गेलात की आजीला विचारा, कुठं दुखतं. ती हात जिथं ठेवील तिथं बघा, आणि एक वीत वरही बघा.