कधीच रिकामा न होणारा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे आणि मी कधीच रिकामा होत नाही. मराठवाड्यात असं छातीठोकपणे सांगणारा पाण्याचा दुसरा साठा नाही. जायकवाडीसुद्धा मार्चनंतर गप्प बसतं. आता खरं सांगतो. माझ्यात दीड लिटर पाणी मावतं आणि त्यातलं निम्मं चोरकप्प्यात असतं.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. मी मात्र तोच तांब्या आहे. गुलमंडीच्या मागच्या बोळात सखाराम तांबट बसायचे. मिसरूड फुटलेला मजीद त्यांच्याकडं आला आणि मला जादूगार व्हायचंय, चोरकप्प्याचा तांब्या करून द्या, म्हणाला. सखारामनी हातोडी खाली ठेवली.

"लोकायला प्यायला पाणी नाय, अन् तुला दोन पोटाचा तांब्या पाह्यजे व्हय रे?"

"एक पोट लोकांना दाखवायचं, चाचा. एक आपल्यापाशी ठेवायचं."

"मंग पुढारी हो की! जादूगार कशाला होतो?"

तरी त्यांनी मला मन लावून घडवलं. तांब्याच्या आत तांब्या, मध्ये बोटभर पोकळी. आतल्या तांब्याच्या तळाशी सुईएवढं भोक, बाहेरच्या काठाखाली दुसरं. वरच्या भोकावर बोट दाबून धरलं की पोकळीतलं पाणी जागच्या जागी थांबतं. बोट काढलं की हवा शिरते आणि पाणी गुपचूप माझ्या पोटात झिरपतं. मला हातात देताना सखारामनी मजीदकडून शब्द घेतला, की हे भोक कुणाला दाखवायचं नाही.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. इतर तांबे भरतात, रिकामे होतात, पालथे पडून झोपतात. माझ्या आत सदानकदा काहीतरी झिरपत असतं.

पण ते दिवस वैभवाचे होते. शाळांची गॅदरिंगं, गणेश मंडळं, वाळूजच्या कारखान्यांचे वर्धापनदिन, सगळीकडं मी होतो. मजीदभाई मला बादलीत उपडं करून विचारायचे, "बच्चे कंपनी, खाली?" पोरं ओरडायची, "खाली!" मग रुमालाचं कबुतर व्हायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे अजराभाभींना, पेटीत घालून करवतीनं कापलं जायचं आणि पुन्हा जोडलं जायचं. मग मजीदभाई सहज आठवल्यासारखं माझ्याकडं वळायचे, तर मी भरलेला! कबुतराला टाळ्या पडत, पण माझ्यासाठी पोरं खुर्चीवर चढत. पेटी त्यावरून माझ्याशी फटकून वागायची.

शहर वाढत वाळूजपर्यंत गेलं. माणसं वाढली, पाणी होतं तेवढंच राहिलं. मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला.

आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. गल्लीत टँकर आला की कुणाचा पाइप कधी लागेल, हे तात्यासाहेब ठरवायचे. ते निवृत्त हेडक्लार्क होते आणि रांग लावायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नातवाच्या, वरदच्या, वाढदिवसाला आमचा खेळ झाला. पोरं नेहमीसारखी ओरडली. मोठी माणसं मात्र बादलीकडं बघत होती. मी जसजसा पुन्हा पुन्हा भरत गेलो, तसतशा टाळ्या कमी होत गेल्या. खेळ संपल्यावर शेजारच्या प्रमोदिनीताई पुढं आल्या. मला वाटलं, कौतुक करतील. त्यांनी बादली उचलली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली आमच्या दारात.

"मजीदभाई, राग मानू नका," तात्यासाहेब म्हणाले, "पण तुमच्याकडं चोरून जोडलेला नळ आहे."

"तौबा! कुठं?"

"ते तुम्ही सांगायचं. काल आमच्या डोळ्यांदेखत बादलीभर पाणी ओतलंत. या दिवसांत असं पाणी कोण ओततं? ज्याच्याकडं येतं तो."

"तात्यासाहेब, जादू होती ती!"

"जादू रुमालाची असते," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "पाण्याची नसते. मी विज्ञान शिकवते."

मग भिंती ठोकून पाहिल्या. मोरीतली फरशी हलवून पाहिली. कापायची पेटी उघडली, तर तिच्यात गहू. कुठंच काही सापडेना. तेव्हा नळ फारच शिताफीनं बसवलेला आहे, यावर सर्वांचं एकमत झालं. तात्यासाहेबांनी निकाल दिला. उद्या टँकर यायच्या आत खुलासा करा, नाहीतर तुमचा पाइप लागणार नाही.

गल्ली गेली. मजीदभाई मला हातात धरून घरभर येरझारा घालू लागले. नखानं माझा काठ टकटक वाजवत होते. भोक दाखवलं तर दिलेला शब्द जातो आणि खेळही संपतो. नाही दाखवलं तर पाणी जातं, वर चोर ठरतो.

"अजी, बसा की जरा," अजराभाभी म्हणाल्या. "इतकी वर्षं मला करवतीनं कापलंत, कधी हूं का चूं केलं मी? अन् तुमचा जीव एका भोकासाठी जातोय!"

"सखारामचाचाला जबान दिली होती."

"मग चाचालाच सांगा, वरून टँकर पाठव म्हणावं."

सकाळी मजीदभाईंनी ओट्यावर सगळ्यांसमोर माझं भोक दाखवलं. बोट ठेवलं, काढलं, पाणी कसं येतं ते समजावून सांगितलं. मित्रांनो, मी इतका उघडा कधीच पडलो नव्हतो. वरद म्हणाला, "एवढंच?" आणि खेळायला निघून गेला.

मोठी माणसं मात्र हलली नाहीत. तात्यासाहेबांनी मला हातात घेतलं, स्वतःचं बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. चेहरा गंभीर झाला. "नळ नाही," ते जाहीर करून मोकळे झाले आणि आमचा पाइप लागला.

संध्याकाळी ते मागच्या दारानं आले.

"मजीदभाई, हे हंड्याला जमेल का हो?"

"हंड्याला? खेळ करणार तुम्ही?"

"खेळ कसला! कुणी पाणी मागायला आलं, तर पालथा करून दाखवता यावा. नाही म्हणायला बरं वाटत नाही."

ते गेले आणि प्रमोदिनीताई आल्या. त्यांना पिंप हवं होतं, कारण नणंद राहायला येणार होती. मग एकेक करत सगळी गल्ली मागच्या दारानं येऊन गेली. सखारामचा मुलगा कडुबा तोवर स्टीलची भांडी विकायला लागला होता. त्यानं बापाची हातोडी पुन्हा बाहेर काढली.

तेव्हापासून आमच्या गल्लीत पाणी मागायला गेलं की हंडा पालथा करून दाखवतात. मागणारा बघतो, मान हलवतो आणि घरी जाऊन आपला हंडा भरलेला आहे ना, ते पाहतो. आमच्या खेळाला मात्र कुणी बोलावेना. जी जादू घरोघरी मोरीत ठेवलेली, ती बघायला कोण येणार? हाताची सवय मोडू नये म्हणून मजीदभाईंनी एकदा टँकरचं पाणी भरून तालीम केली. पुढं खेळ काही ठरला नाही आणि मी भरलेला तसाच फळीवर राहिलो.

तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. टँकर येईना. आमच्या घरात खरोखरच थेंब नव्हता. अशात तात्यासाहेब ओट्यावर येऊन उभे राहिले.

"वरदला ताप आहे. गोळीपुरतं पाणी द्या."

मजीदभाईंना मी आठवलो. त्यांनी मला घाईघाईनं फळीवरून काढलं. वरचं भोक मोकळं होतं, तरी माझं पोट कोरडं. ते हलवून हलवून वाट बघत राहिले. मग तात्यासाहेबांसमोर मला पालथं केलं.

"नाही हो. खरंच नाही."

तात्यासाहेब जरासे हसले. "बोट काढा."

"काढलंय."

"मजीदभाई, आपसात कशाला? पोराला ताप आहे."

"अल्लाकसम, बोट नाही माझं!"

तात्यासाहेबांनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि कानाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. त्यांनी ते नीट ऐकलं, मला ओट्यावर ठेवलं आणि निघून गेले. वरदला गोळी दुधाबरोबर दिली, असं कळलं. पुढं टँकर आला, पण आमचा पाइप सगळ्यात शेवटी लागला आणि तसाच लागत राहिला.

मजीदभाई सुई घेऊन बसले. सुई मोडली. कडुबाकडं न्यावं, तर त्याला दिवाळीपर्यंत सवड नव्हती, कारण हंड्यांची कामं होती.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. वस्तू वापरून झाली की ती रिकामी करा, पुसा, कोरडी करून ठेवा. ती बोलत नाही म्हणून तिला विसरू नका. टँकरचं पाणी जड असतं, भांड्याला क्षार धरतात.

माझं तळाचं भोक बुजलं आहे. गल्लीतल्या हंड्यांचीही बुजत आली आहेत. पाणी एकाच टँकरचं आहे.