लोण्याचा नैवेद्य

दोन-दोन औषधं देऊनही आमच्या रंजिताच्या फिट्स थांबेनात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला कीटो आहार लावला. भात, साखर बंद. तूप, लोणी, खोबरं भरपूर, पण सगळं काट्यावर तोलून. सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या नातीला पडला. रोज येणारी फिट श्रावणापर्यंत क्वचित येऊ लागली.

गोकुळाष्टमीला तिच्या वाटचं तोललेलं लोणी मी बाळकृष्णापुढे ठेवलं आणि निरांजन आणायला आत गेले. परत येऊन बघते तर शेजारच्या मालनक्का वाटीत पिठीसाखर कालवत होत्या.

"बिनसाखरेचा नैवेद्य दाखवतेस होय गं? देव काय म्हणेल?"

"अक्का, ते रंजिताला खायचंय."

"थोडीशीच घातली. प्रसादानं कुणाचं वाईट झालंय?"

रंजिताची नजर वाटीवरच होती. "आजी, प्रसादाला नाही म्हणायचं नसतं ना?"

हे मीच तिला शिकवलं होतं.

"नसतं, बाळ." मी आरती केली, वाटी उचलली आणि सगळं लोणी स्वतःच खाऊन टाकलं.

"अगं बाई, तुझा निर्जळी उपास!" अक्कांनी तोंडावर हात ठेवला.

"मोडला, अक्का. देवाशी मी बोलेन." मी काटा पुढे ओढला आणि रंजितासाठी नवं लोणी तोलायला घेतलं.

"आजी," तिनं हळूच विचारलं, "गोड होतं?"

"होतं गं," मी म्हटलं.