ओळीआधीचा श्वास

ताई गायची आणि तिचा धाकटा भाऊ चाली बांधायचा. दोघांनी मिळून एक गाणं केलं. त्यातल्या दुसऱ्या अंतऱ्यात भावाने इतका जीव ओतला की त्या दिवसांत घरात कुणी भांडं आपटलं तरी भाऊ अंगावर धावून यायचा.

गाणं घेऊन दोघं गाणी काढणाऱ्या कंपनीत गेले. मॅनेजरने ते ध्रुवपदापर्यंत ऐकलं आणि समजावलं की आठ गाण्यांची कॅसेट दुकानात मांडायचे दिवस गेले. आता अख्खं गाणं एकदम बाहेर काढलं तर लोक बिचकतात. आधी तुकडा सोडायचा, तो चालला तर पुढचं बघायचं. भावाने दुसरा अंतरा सुचवला. मॅनेजरने ध्रुवपदाची पहिली ओळ घेतली.

ओळ आपटली. पण मॅनेजरला दिसलं, की पुढे सरकण्याआधी ऐकणारे एका जागी हमखास थांबतात. ओळ उचलण्याआधी ताई जो श्वास घेते, तिथे. त्याने ओळ काढून टाकली आणि नुसता श्वास सोडला.

श्वासाने धुमाकूळ घातला. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच. कंपनीने त्याची जलद आवृत्ती काढली, मग संथ, मग लाटांच्या आवाजासकट. भाजीवाला ताईला एकदा समोर श्वास घेऊन दाखवायची गळ घालू लागला. भावाचं आधी जेवणावरून मन उडालं. पण संगीतकार म्हणून त्याचं नाव झळकलं, नातेवाइकांचे फोन आले, तेव्हा जलद आवृत्तीत श्वास बेसूर लागलाय म्हणून तोच कंपनीशी भांडून आला.

मग कार्यक्रम ठरला. सभागृह खच्चून भरलं. ताईने माइकपुढे श्वास घेतला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि लोक समाधानाने पिशव्या सावरत उठले.

ताईच्या छातीत श्वास तसाच भरलेला होता. त्याचं काहीतरी करायला हवं होतं. ती गायला लागली आणि थांबलीच नाही. दुसऱ्या अंतऱ्याला दारात गर्दी तुंबली. एका आजोबांनी मॅनेजरला विचारलं, "हे काय चाललंय?"

"माफ करा, यंत्रात बिघाड झालाय."

"मग दुरुस्त करू नका," आजोबा म्हणाले आणि पायरीवरच बसले.

बाकीचेही बसले. भाऊ पडद्याआड तोंड लपवून रडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दोघांना बोलावून घेतलं. लोकांना पुढचं हवंय हे त्याला पटलं होतं. कंपनी पूर्ण गाणं काढणार होती, दर वर्षी एक शब्द.

"आणि दुसरा अंतरा?" भावाने विचारलं.

"तो बहुधा पुढच्या पिढीत."

ताईला हसू आवरेना. भाऊ मात्र तडक घरी आला, ताईच्या तान्ह्या मुलीला त्याने मांडीवर घेतलं आणि दुसरा अंतरा शिकवायला सुरुवात केली. तिला अजून मान धरता येत नाही. सूर मात्र धरते, असं तो शपथेवर सांगतो.