पायावर ठेवलेला ग्रंथ

मी एक जुना ग्रंथ आहे, आणि मित्रांनो, स्पष्टच सांगतो, मला राग आलेला आहे. आजचा नाही, जुना राग आहे. तुम्ही म्हणाल, बायबलला कसला राग? अहो, माझ्यात संदेष्ट्यांचा राग पानोपानी भरलेला आहे. त्यातला थोडा मला लागला तर बिघडलं कुठे?

माझी बांधणी पक्की आहे. आत त्र्याहत्तर पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाआधी छोटी प्रस्तावना, पानांच्या तळाशी टिपा, शेवटी चार नकाशे. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या संकटात आणि कुणासाठी लिहिलं, ते सगळं माझ्यात छापलेलं आहे. १९९४ साली वसईच्या ॲग्नेसला तिच्या आईने निघताना मला हातात दिलं आणि बजावलं, "रोज वाच हां." ॲग्नेसचा नवरा ॲम्ब्रोज अबुधाबीतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होता, आणि लहानग्या लॅरिसाला घेऊन ती त्याच्याकडे निघाली होती. विमानतळावर कस्टमच्या माणसाने मला उघडलं, दहा-बारा पानं चाळली, एक नकाशा पाहिला आणि परत दिलं. पुढची चार वर्षं त्या घरात माझी तेवढीसुद्धा पानं कुणी धड वाचली नाहीत.

घरी मला आल्तारावर, म्हणजे भिंतीतल्या छोट्या वेदीवर, बसवलं. अंगावर क्रोशाचं कव्हर, बाजूला प्लास्टिकची फुलं, डोक्यावर लाल दिवा. थाट होता, नाही म्हणत नाही. पण वाचनाच्या नावाने शंख! मला उघडायचे ते फक्त 'वचन काढायला'. ॲम्ब्रोज क्रुसाची खूण करायचा, डोळे मिटायचा, मला कुठेतरी मधोमध उघडायचा आणि बोट टेकवायचा. बोटाखाली येईल तो देवाचा हुकूम. मी काय जत्रेतल्या पोपटाचं पाकीट आहे? एकदा ड्रायव्हिंग टेस्टच्या सकाळी बोटाखाली इजिप्तच्या राजाचे, फारोचे, रथ समुद्रात बुडाल्याचं आलं, तर हा बाबा टेस्टलाच गेला नाही! तीनदा नापास झालेला माणूस. चौथ्या वेळी पास झालाही असता.

तसा ॲम्ब्रोज माणूस वाईट नव्हता. बारा-बारा तास उभा राहून ड्युटी करायचा, घरी येऊन गुडघे टेकून रोझरी म्हणायचा. पण सरळ माणसं चुकीचं वागली की माझा संताप जास्त होतो.

९८ साली माझे सोन्याचे दिवस आले. एका तेल कंपनीच्या ऑफिसात काम करणाऱ्या ॲड्रियन सरांनी चर्चच्या हॉलमध्ये, सुट्टीच्या शुक्रवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर, मराठीतून बायबलचा वर्ग सुरू केला. ॲग्नेस मला पिशवीत घालून नेऊ लागली. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या प्रस्तावना वाचल्या! नकाशांवर बोटं फिरली, समासात पेन्सिलीच्या खुणा झाल्या. सर म्हणायचे, "एकटं वचन सापडलं तर ते चुकलेलं पोर समजा. आधी त्याचं घर शोधा. मागचं वाचा, पुढचं वाचा, तळाची टीप वाचा, मग तोंड उघडा."

ॲम्ब्रोजला हे पटायचं नाही. "देवाच्या शब्दाला कसला आलाय इतिहास?" तो म्हणायचा. "तुम्ही लोक क्लास लावून देवाची परीक्षा घेता." घ्या! लिहिणाऱ्यांनी रक्त आटवून लिहिलं, आणि त्यांचा काळ, त्यांची भाषा, त्यांची दुःखं विचारायची म्हणजे परीक्षा?

आता ते ९९ सालचं सांगतो. 

ॲम्ब्रोजच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बुटाने फोड आला. फोड फुटला, जखम झाली, जखम काळी पडू लागली. शेजारी रुकय्या राहायची, रत्नागिरीकडची, हॉस्पिटलमध्ये नर्स. तिने पाय पाहिला आणि ती चरकलीच. "भाईसाब, शुगर आहे तुम्हाला. हे घरात बसून बरं व्हायचं नाही. उद्याच्या उद्या हॉस्पिटल, यल्ला, चला!"

"इन्शाल्ला, बघू," ॲम्ब्रोज म्हणाला. खरं म्हणजे तो घाबरला होता. सिक लीव्ह लांबली तर व्हिसा कॅन्सल होईल, ही धास्ती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: संध्याकाळी त्याने वचन काढलं.

बोट पडलं ते इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, यहूदाचा राजा आसा याच्यावर. आसाच्या पायांना रोग झाला, दुखणं वाढलं, तरी त्याने देवाला न शोधता वैद्यांना शोधलं. आणि लगेच पुढे, आसा मेला.

"पाय!" ॲम्ब्रोज पांढराफटक पडला. "ॲग्नेस, बघ, देवाने पायाचंच काढून दिलं. डॉक्टरकडे गेलो तर मेलोच. नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना करू. खलास, ठरलं."

आणि मग त्याने काय केलं माहीत आहे? रोज प्रार्थनेच्या वेळी मला त्या चिघळलेल्या पायावर ठेवायचा. बंद करून! अरे माणसा, तू जे वाचलंस त्याच्या वरच्या ओळी तरी वाचायच्या होत्यास! आणि माझ्याच पोटात, चारेकशे पानं पुढे, तुझ्यासाठी उत्तर छापलेलं होतं. ते उत्तर मिटून तू मला जखमेवर ठेवलंस. मला हात असते ना, तर एक कानाखाली काढली असती.

पट्टीतून पू झिरपून माझ्या कव्हरवर डाग पडला. लॅरिसा नाक धरून रडायची, "पप्पा, इट स्मेल्स. प्लीज गो टु द डॉक्टर!" तो तिच्यावरच ओरडायचा.

ॲड्रियन सर तेव्हा सुट्टीवर वसईला गेलेले. ॲग्नेस कुणाला विचारणार? सहाव्या दिवशी ॲम्ब्रोजला ताप भरला, तेव्हा तिने मला त्याच्या पायावरून उचललं, टेबलावर ठेवलं आणि आसाचा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तळाची टीप वाचली. टिपेत माझ्यातल्याच आणखी एका पुस्तकाचा अध्याय दिला होता, तो काढला. मग मला तसाच उघडा घेऊन पलंगापाशी आली.

"ऐका. हा आसा लढाईला घाबरला. देवळातलं सोनं-चांदी देऊन त्याने परक्या राजाची मदत घेतली. चूक दाखवली म्हणून संदेष्ट्याला तुरुंगात टाकलं. अख्खा अध्याय त्याच्या हेकटपणाचा आहे, दवाखान्याचा नाही. टिपेत म्हटलंय, त्या काळी वैद्य मंत्रतंत्रही करायचे. आणि हे बेन सिराचं पुस्तक. ख्रिस्ताच्या पावणेदोनशे-एक वर्षं आधी यरुशलेममधल्या शिक्षकाने लिहिलेलं. काय सांगतो? वैद्याला मान द्या, त्यालाही देवानेच घडवलं. औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली. आजारी पडलात तर प्रार्थना करा, आणि मग वैद्याला घरात घ्या."

"हे पुस्तक त्या प्रोटेस्टंट प्रेयर ग्रुपच्या बायबलमध्ये नाही," ॲम्ब्रोज पुटपुटला.

"त्यांच्यात नसेल. आपल्या कॅथलिकांच्यात आहे, पहिल्यापासून आहे!" ॲग्नेसचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "सहा दिवस तुमच्या पायावर पडून होतं. देवाने सांगितलं नाही म्हणू नका. तुम्ही उघडलं नाहीत!"

तो रडायला लागला. म्हणाला, "मला भीती वाटते गं. पाय कापतील." ती म्हणाली, "मलाही वाटते. उठा." रुकय्याने टॅक्सी थांबवली.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आला असता तर साफ करून औषधावर भागलं असतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. सहा दिवसांत तीन बोटं! ती देवाने नेली नाहीत, हे लिहून ठेवा. अर्ध्या वचनाने नेली. आणि ज्या व्हिसासाठी जीव टांगणीला लावला होता, तो शाबूत राहिला. हॉटेलने त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवरचं काम दिलं.

आज २००३ साल आहे. माझा पुठ्ठा सैल झाला आहे, आसाच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा दाटल्या आहेत, आणि कव्हरवरचा डाग ॲग्नेसने मुद्दाम धुतलेला नाही. मित्रांनो, मला फुलं वाहू नका, दिवे लावू नका. धूळ बसली तरी चालेल, पण मला उघडा आणि सुरुवातीपासून वाचा.

मागच्या शुक्रवारचीच गोष्ट. वर्गात वसईहून नुकतीच आलेली एक सून होती. तिच्या लेकराला दम्याचा त्रास. तिने मला पाहिलं, जवळ आली आणि हल्ली लंगडत का होईना वर्गाला येणाऱ्या ॲम्ब्रोजला म्हणाली, "काका, तुम्ही वचन काढता असं ऐकलंय. इन्हेलर चालू ठेवू की बंद करू, एक वचन काढून द्या ना."

ॲम्ब्रोज खुर्चीवर बसला, बूट काढला, मोजा काढला आणि पाय तिच्यासमोर ठेवला.

"हे मी काढलेलं वचन," तो म्हणाला. "बाळाचं औषध चालू ठेव, पोरी. आणि बस इथे, पहिल्या ओळीपासून वाचू."